कुमानोची देवराई

जपानच्या की द्वीपकल्पातील कुमानोच्या डोंगरवाटांनी जाणाऱ्या यात्रिकास दुतर्फा ‘सुगी’ वृक्षांच्या सरळसोट रांगा दिसतात. (नाव ओळखीचे, पण आपल्या सुगीशी त्याचा संबंध नाही.) हे आदिम अरण्यच, असा त्याचा समज होतो. वस्तुतः त्यातील पुष्कळ झाडे दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी लावलेली आहेत. जुनी वनराजी पाहावयाची, तर शिंतो देवस्थानाचे आवारच गाठावे लागते.

शिंतो पंथात देवत्व मूर्तीपेक्षा वृक्षात, शिळेत, पाण्यात मानले जाते. नाचीचा १३३ मीटरचा धबधबा हाच तेथील देव. त्याला गाभारा नाही; कमानीखाली उभे राहून प्रपाताला नमस्कार करावयाचा.

अशा देवाला निवारा नसला तरी चालतो, रान नसले तर चालत नाही. १९०६ मध्ये जपानी सरकारने काटकसर आणि देवस्थानांची प्रतिष्ठा या नावाखाली ‘एका गावास एक देवस्थान’ हे धोरण आरंभिले, तेव्हा नेमके हेच विसरले गेले. दहाएक वर्षांत अदमासे ७० हजार देवस्थाने कागदावरून पुसली गेली. देव शेजारच्या गावी हलविला, की ओस आवारातील वृक्ष लाकूडव्यापाऱ्याच्या हाती जात.

या धोरणाविरुद्ध ठाकला मिनाकाता कुमागुसु. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अभ्यास करून परतलेला हा विक्षिप्त निसर्गशास्त्रज्ञ. वृक्ष गेले की पक्षी जातात, पक्षी गेले की पिकांवर कीड माजते, आणि देवस्थानाबरोबर गावाचा एकोपाही जातो, असे त्याने परोपरीने मांडले. १९१० मध्ये तो मद्याच्या अमलात अधिकाऱ्यांच्या एका सभेत घुसला आणि १८ दिवस कोठडीत राहिला. रीत बरी नव्हती. म्हणणे मात्र खरे होते. १९२० च्या सुमारास धोरण मागे पडले, पण तोवर बरेच रान गेले होते.

सह्याद्रीतील देवरायांची नोंद वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केली. आपल्याकडे देव हलविला जात नाही. त्याला सिमेंटचे देऊळ हवे म्हणून राईतील झाडे विकली जातात. हुकूम सरकारचा नसतो, गावकऱ्यांचाच असतो, आणि म्हणूनच त्याविरुद्ध उभे राहणे मिनाकाताच्या कामाहून अवघड ठरते.

कुमानोच्या वाटा २००४ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. त्सुगिझाकुरा येथे मिनाकाताने वाचविलेले मोजके महावृक्ष अजून उभे आहेत. त्यांच्या फांद्या एकाच दिशेला, नाचीकडे, झुकलेल्या आहेत.