दुसरी किल्ली

बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्यांची दुसरी जोडी त्याच शाखेत ठेवत नाहीत. ती दुसऱ्या शाखेत असते. ठरावीक मुदतीने ती आणायची, कुलपाला लावून पाहायची आणि वापरातली जोडी तिकडे पाठवायची, असा शिरस्ता. तरुणपणी मला हा नुसता कारकुनी सोपस्कार वाटे. त्याचा अर्थ निवृत्तीनंतर एका लाकूड कापायच्या मशीनने शिकवला.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. वारा पडल्यावर बाहेर आलो, तर आमच्या पाखाडीवर जुना फणस आडवा. पलीकडे शेजारचे तात्या, दम्याने धापा टाकत. वीज नाही, फोन नाही. त्यांना दवाखान्यात न्यायचं तर वाट मोकळी व्हायला हवी होती.

माझ्याकडे चेन सॉ होता. आमच्याकडे त्याला नुसतं ‘कटर’ म्हणतात. दोरी ओढून ओढून दंड भरून आले, पण मशीन ढिम्म. टाकीत दिवाळीपासूनचं पेट्रोल होतं. महिना-दोन महिन्यांत ते शिळं होतं. त्यात मिसळलेलं इथेनॉल ओल धरतं आणि कार्बोरेटर चोंदतो. पुतण्याने टाकी रिकामी केली, प्लग पुसला, स्कूटरमधलं पेट्रोल काढून त्यात लिटरमागे २० मिली या हिशेबाने टू-स्ट्रोक तेल घातलं. मशीन सुरू झालं. पण खोडाखालच्या मातीला चेन लागली आणि बोथटली. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या उडवते. आमची नुसता पिठासारखा भुसा पाडू लागली.

“काका, दुसरी चेन आहे ना?”

होती! तीन वर्षं कपाटात जपलेली. लावायला गेलो, तर पात अठरा इंची आणि चेन सोळा इंचीची. विकत घेतल्यापासून मी ती एकदाही लावून पाहिली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदपत्रांत चुका काढणारा मी, मान खाली घालून उभा राहिलो.

शेवटी माळ्यावरून वडिलांची दोन माणसांनी ओढायची करवत काढली. एका बाजूला पुतण्या, दुसऱ्या बाजूला मी. वाट मोकळी झाली, तात्यांना खुर्चीत बसवून नेलं. ते वाचले.

आता मापाच्या दोन चेन, प्लग आणि कानस एका डब्यात असतात. काम झालं की टाकी रिकामी करतो. जुनं दुसरं मशीन घेऊन ठेवलंय, पण ते खालच्या आळीत, पुतण्याकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही मशीनं चालवून पाहतो.

आवाज झाला की तात्या पलीकडून ओरडतात, “काय रे, उघडली का तिजोरी?”