छायाचित्राची सिद्धता (लेखांक सातवा) : पत्र्यावर उतरणारे चित्र

मागील लेखांकात कागदावरील मोठ्या प्रतींचा विचार करताना कोकणच्या हवेचा उल्लेख ओझरता येऊन गेला. आज त्या हवेपासूनच आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. वेंगुर्ल्यास वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांतच कोसळत असल्यामुळे, त्या अवधीत घरात कागद म्हणून जे जे काही असेल, मग ते जमिनीचे दस्त असोत, पोथ्या असोत की लग्नातले आल्बम असोत, त्या सर्वांस ओल धरते. काचेमागचे छायाचित्र फुगून काचेला चिकटते आणि पाऊस सरल्यावर चौकट उघडू जावे तो चित्राचा पापुद्रा काचेबरोबर सुटून येतो. अशा मुलखातील माणसाने पदरचे पैसे खर्चून चार-पाच फूट लांबीची प्रत करून घ्यावयाची, तर ती ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर करून घेण्याकडे त्याचा ओढा असावा, हे स्वाभाविक आहे. कारण या पद्धतीत काच लागत नाही, कागद उरत नाही, आणि रंग पृष्ठभागावर बसलेले नसून लेपाच्या आत मुरलेले असल्यामुळे ओल्या फडक्याने पुसले तरी त्यांस बाध येत नाही.

ही क्रिया कशी घडते ते ध्यानी आल्याखेरीज तिच्यासाठी चित्र कसे सिद्ध करावे, हे उमगणार नाही. पत्र्यावर पॉलिएस्टर जातीचा एक पातळ लेप कारखान्यातच चढविलेला असतो. चित्र आधी एका विशेष कागदावर, डावे-उजवे उलटे करून छापतात. मग तो कागद पत्र्यावर उपडा घालून, सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या दाबयंत्रात साधारण एक-दोन मिनिटे दाबून धरतात. त्या उष्णतेत कागदावरचे रंगद्रव्य मधली द्रवावस्था टाळून थेट वायुरूप होते, मऊ झालेल्या लेपात शिरते, आणि पत्रा निवताच तेथेच कोंडले जाते. कागदावर मलूल, राखट दिसणारे रंग या संस्कारानंतर एकाएकी उजळून निघतात. म्हणून छापलेला कागद पाहून चित्राचा निवाडा कोणी करू नये.

धातूवर चित्र उमटविण्याची कल्पना मात्र आजची नाही. छायाचित्रणाचा जन्मच धातूवर झाला: निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणारे दृश्य कथिलमिश्रित पत्र्यावर स्थिर केले, आणि १८३९ साली दागेरची जी पद्धत जगजाहीर झाली तीत चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा वापरीत असत. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तोवर धातूचा अंमल ओसरू लागून काच व कागद यांचा शिरस्ता पडत चालला होता. त्या संस्थेच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे होते, आणि हे घराणे मूळचे तेरेखोलच्या खाडीपलीकडील पेडणे महालातल्या मांद्र्याचे, म्हणजे वेंगुर्ल्याच्या अगदी शेजारचे, ही गोष्ट आपल्याकडे विशेष कोणी सांगत नाही म्हणून येथे नमूद करून ठेवतो.

आता मुख्य विषय. मोठी प्रत करावयाची म्हटले की बहुतेक लोक संगणक उघडून चित्राकडे पाहू लागतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, त्याआधी ते चित्र जेथे लावावयाचे त्या भिंतीसमोर जाऊन उभे राहावे. पाहणारा किती अंतरावरून पाहणार, दिवसा प्रकाश कोणत्या बाजूने येणार आणि रात्री दिवा कोठे जळणार, या तीन गोष्टींची नोंद हाती आली की प्रतीचा आकार, पत्र्याचा प्रकार आणि चित्राची उजळणी हे पुढचे सारे प्रश्न सुटू लागतात; ती नोंद नसेल, तर कितीही महागड्या कॅमेऱ्याचे चित्र असो, निर्णय अंधारातच होतो.

अंतराचा हिशेब सोपा आहे. निकोप मानवी दृष्टी सुमारे एक कोनीय मिनिट, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकते. एक मीटर अंतरावर हे माप ०.२९ मिलिमीटर भरते. म्हणजे एवढ्या अंतरावरून पाहणाऱ्याला इंचास ८७-८८ पिक्सेलांहून अधिक दिले तरी त्याच्या डोळ्यास त्याचा उपयोग नाही. दोन मीटरांवर हीच संख्या ४४ वर येते, आणि पुस्तक वाचताना धरतो तेवढ्या, पंचवीस सेंटिमीटरांच्या अंतरावर ती ३५० पर्यंत चढते. इंचास ३०० पिक्सेल हवेतच असा जो दंडक छापखान्यांतून ऐकू येतो, तो हातात धरून पाहावयाच्या चित्रासाठी योग्य आहे. भिंतीवरच्या पाच फुटी पत्र्याला तो लावला, तर चांगली चित्रे निष्कारण बाद होतात.

एक उदाहरण घेऊ. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० × ४००० पिक्सेलांचे असते. ते ६० × ४० इंचांच्या पत्र्यावर घेतले तर इंचास १०० पिक्सेल पडतात, आणि प्रशस्त माजघरात समोरच्या भिंतीवर ते बिनहरकत शोभेल. पण तेच चित्र जुन्या कौलारू घराच्या अरुंद पडवीत लावावयाचे असेल, जेथून येणारा-जाणारा दोन फुटांवरून अंग चोरून जातो, तेथे इंचास सुमारे १४५ पिक्सेल हवेत. म्हणजे ४० इंचांपुढे जाणे धोक्याचे. भिंत मोठी दिसते म्हणून प्रत मोठी करण्याचा मोह पडवीत आवरावा आणि माजघरात सोडावा.

मोबाइलच्या चित्रांची कैफियत निराळी. बारा मेगापिक्सेलच्या, म्हणजे साधारण ४००० × ३००० पिक्सेलांच्या चित्रातून ४० इंची प्रत हिशेबाने निघू शकते. परंतु फोन आपल्या अखत्यारात चित्र इतके गुळगुळीत करून ठेवतो की माडाची झावळी मेणाची वाटू लागते, आणि हे पाच इंची पडद्यावर लपले तरी पत्र्यावर लपत नाही. त्याहून मोठी हानी पाठवण्यात होते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने धाडलेल्या चित्राची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलांच्या आसपास येऊन ठेपते. ३६ इंचांच्या प्रतीत ती इंचास ४४ भरते. चित्र मूळ फाइल म्हणूनच पाठवावे, किंवा पेनड्राइव्हमध्ये घालून हातोहात द्यावे.

पिक्सेल कमी पडले तर संगणकाकडून वाढवून घेण्याची सोय आता सर्वत्र उपलब्ध आहे आणि तिच्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. जुन्या पद्धतीची वाढ शेजारच्या पिक्सेलांवरून सरासरी काढून मधली जागा भरते; चित्र थोडे मऊ होते, पण खोटे होत नाही. कृत्रिम बुद्धीची नवी साधने मात्र जो तपशील चित्रात कधी नव्हताच, तो कल्पून घालतात. समुद्राच्या लाटांना हे एक वेळ चालेल. परंतु वेंगुर्ल्याच्या सतराव्या शतकातील डच वखारीचे छायाचित्र कोणी मोठे करीत असेल, तर जांभ्याच्या चिऱ्यांमधील सांधे, ढासळलेल्या कमानीची कड, भिंतीत रुजलेल्या झाडाची मुळे ही उद्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पुराव्याची बाब आहे, आणि तेथे यंत्राने रचलेला एक चिरादेखील दस्तऐवजातील खाडाखोडीइतकाच आक्षेपार्ह मानला पाहिजे. अशा चित्राची प्रत लहान करावी. पुरावा मोठा करण्यासाठी बनावट करू नये. माणसांच्या चेहऱ्यांनाही हाच नियम लागू करावा, असे मला वाटते.

प्रकाशाकडे वळू. चकचकीत पत्रा आरशाचे काम करतो. कोकणातील घरांत उजेड बहुधा दारातून, एकाच अंगाने आणि खालून येतो; तेव्हा दारासमोरच्या भिंतीवर चकचकीत पत्रा लावला, तर दिवसभर त्यात चित्राऐवजी अंगण, तुळशीवृंदावन आणि उन्हाची तिरीप दिसत राहते. तेथे मंद पृष्ठभागाचा पत्रा घ्यावा. काळ्या रंगाची खोली थोडी उणावते, पण चित्र दिसते. चकचकीत पत्रा आडव्या भिंतीवर, जेथे उजेड कडेने घासून जातो, तेथे आपले खरे तेज प्रकट करतो.

पत्र्याचा दुसरा भेद त्याच्या अस्तराचा. या पद्धतीत पांढरी शाई नसते. चित्रात जे पांढरे असेल तेथे काहीच छापले जात नाही आणि खालचे अस्तर उघडे पडते. अस्तर पांढरे असेल तर पांढरे पांढरेच राहते. पारदर्शक असेल तर तेथे नुसता धातू चमकतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांचे छायाचित्र, चुन्याने रंगविलेले देऊळ, शुभ्र फेसाची लाट यांस पांढरे अस्तर अवश्य आहे. अन्यथा चेहऱ्यावर राखाडी छटा येऊन मनुष्य आजारी दिसू लागतो. उलट नुकत्याच जाळ्यातून ओतलेल्या बांगड्यांची रास, ओहोटीनंतरची ओली वाळू किंवा चांदण्यातील खाडी पारदर्शक अस्तरावर घेऊन पाहावी: खवल्यांवरची झळाळी पाहणाऱ्याच्या पावलागणिक हलते आणि कागदावर जे कधीच साधत नाही ते तेथे साधते. निवड चित्रागणिक करावी. दुकानदाराकडे कोणता पत्रा शिल्लक आहे यावर ती सोडू नये.

आता चित्राच्या अंतरंगाची दुरुस्ती. नवाबागच्या किनाऱ्यावर सांजवेळी रापण ओढली जात आहे, दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागल्या आहेत, आणि चित्राचा वरचा दोन-तृतीयांश भाग केशरीपासून जांभळ्यापर्यंत उतरत गेलेल्या आकाशाने व्यापला आहे, असे समजा. पत्र्यावर या चित्राची परीक्षा माणसांत होणार नाही, आकाशात होईल. प्रथम चित्र पडद्यावर शंभर टक्के आकारात, म्हणजे चित्रातला एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येईल असे उघडून, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून ओळीने सारे आकाश तपासावे. किनाऱ्यावरील वाऱ्यात लेन्स बदलली असेल तर संवेदकावर बसलेला धुळीचा कण फिकट गोल डाग होऊन आकाशात उमटलेला असतो. छिद्र जितके बारीक, तितका तो ठळक. पोस्टकार्डाएवढ्या प्रतीत तो दिसत नाही. पाच फुटी चकाकत्या पत्र्यावर पाहुणा तोच आधी पाहतो.

यानंतर पट्टे. जेपेग चित्रात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, तर कॅमेऱ्याच्या चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सांजेच्या आकाशाचा हळुवार उतार जेपेगमध्ये ताणून गडद किंवा उजळ करू गेल्यास पायऱ्या कमी पडतात आणि आकाश पट्ट्यापट्ट्यांनी तुटते. म्हणून जी काही रंगदुरुस्ती करावयाची ती रॉ फाइलवरून, सोळा बिटांत करावी आणि आठ बिटांवर अगदी शेवटी यावे. माणसांच्या अंगावरील सावल्या मात्र थोड्या उचलाव्या लागतात; उचलल्या की त्यांतील कणीदार खरखर वर येते, तेव्हा ती त्या भागापुरतीच शमवावी, साऱ्या चित्रावर लेप देऊन जाळ्याची वीण पुसून टाकू नये. माडांच्या झावळ्या उजळ आकाशावर आल्या असतील तेथे जांभळ्या-हिरव्या किनारी शोधून काढाव्यात. आणि क्षितिजरेषा सरळ आहे की नाही हे मोजून पाहावे. समुद्राच्या चित्रात अर्ध्या अंशाचा कलही पाच फुटांत एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या इंचाहून अधिक होतो.

प्रत काळवंडून आली, ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते, आणि तिचे कारण बहुधा छपाईत नसून पडद्यात असते. नव्या पडद्याची उजळी दुकानात उठून दिसावी म्हणून भरमसाट ठेवलेली असते. त्याकडे पाहून आपण चित्र गडद करतो, आणि पत्रा बिचारा स्वतःचा प्रकाश नसल्यामुळे जेवढे दिले तेवढेच दाखवितो. पडद्याची उजळी दर चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला एवढी उतरवून, शक्य तर मापकयंत्राने पारखून घेऊन, मगच दुरुस्तीस बसावे. भिंत अंधारी असेल तर त्याहून थोडी अधिक उजळ प्रत मागावी.

रंगावकाशाचा तपशील थोडक्यात सांगतो. छपाईवाल्याने स्पष्ट सांगितले नसेल तर चित्र एसआरजीबीत द्यावे. हे १९९६ साली ठरलेले सामान्य परिमाण जवळपास प्रत्येक यंत्र ओळखते. ॲडोबी आरजीबी अधिक विस्तृत खरे, पण त्याची ओळखचिठ्ठी फाइलमध्ये जोडलेली नसेल तर समोरचे यंत्र ते एसआरजीबी समजते आणि रंग फिके पडतात. छपाईवाल्याकडे त्याच्या पत्र्याचे प्रोफाइल असल्यास मागून घेऊन पडद्यावर त्याचा आभास पाहावा. जांभ्याचा तांबडा बहुधा सुखरूप उतरतो. पिकल्या रातांब्याचा किंवा गुलालाचा तीव्र रंग आवाक्याबाहेर जाऊन सपाट होतो, आणि तो आपल्या हाताने थोडा उतरविलेला बरा.

तीक्ष्णता देण्याचे काम अंतिम आकार ठरल्यावर, सर्वांच्या शेवटी करावे आणि हात आखडता ठेवावा. चकचकीत पत्र्यावर कडांभोवतीची पांढरी प्रभा फार उघडी पडते. चित्र पत्र्याच्या कडेपलीकडे थोडे पसरलेले हवे असते. ते किती, हे छपाईवाल्याला विचारून तेवढी जागा सोडावी आणि दोर धरलेला शेवटचा माणूस किंवा आपली सही कडेला खेटून ठेवू नये.

शेवटी नमुना. पूर्ण चित्र लहान करून छापलेल्या नमुन्यावरून रंग कळतात, पण तीक्ष्णता, खरखर व पट्टे यांपैकी काहीच कळत नाही. त्याऐवजी अंतिम आकारातील चित्राचा आठ बाय दहा इंचांचा एक तुकडा कापून, ज्यात थोडे आकाश, एखादा चेहरा आणि सर्वांत गडद सावली तिन्ही येतील असा, त्याच जातीच्या पत्र्यावर छापून मागवावा. तो ठरलेल्या भिंतीला टेकवून ठेवावा. सकाळी पाहावा, भर दुपारी पाहावा, आणि रात्री घरातल्याच दिव्याखाली पाहावा. दोष दिसेल तो कागदावर टिपून फाइलमध्ये सुधारावा, आणि मगच मोठ्या प्रतीचा हुकूम द्यावा. पत्रा हाती आल्यावर खाऱ्या वाऱ्यात तो कशावर टांगावा, लोखंडी स्क्रूने ॲल्युमिनियम का खाल्ले जाते, आणि भिंत व पत्रा यांमध्ये किती पोकळी ठेवावी, याचा विचार पुढील लेखांकी.