स्वल्पविराम बरोबर, पत्ता चूक

शोधनिबंधाचा मजकूर तयार होतो, आलेख होतात, गाइडचा होकार येतो आणि मग पाठवायच्या आदल्या रात्री संदर्भसूची ‘लावायला’ घेतली जाते. ती रात्र जाते स्वल्पविराम, कंस आणि तिरपा टाइप सांभाळण्यात. दिलेलं साल, खंड, पृष्ठांक खरे आहेत का, आणि आपण म्हणतो ते त्या निबंधात खरोखर आहे का, हे पाहायला सवड उरत नाही. यामागे काही पक्के समज आहेत.

‘संदर्भ देण्याची एकच शास्त्रशुद्ध पद्धत असते.’

नसते. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले आणि हस्तलिखितं कोणत्या स्वरूपात घ्यायची हे त्यांनी ठरवलं. मजकुरात आकडा आणि शेवटी त्याच क्रमाने यादी, या पद्धतीला त्या शहराचं नाव चिकटलं. लेखक आणि साल कंसात देण्याच्या ‘हार्वर्ड’ पद्धतीचं मूळ हार्वर्ड विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ सालच्या, बिनशंखाच्या गोगलगाईवरच्या निबंधात शोधलं जातं. गंमत म्हणजे या पद्धतीचं एकमेव अधिकृत असं पुस्तकच नाही. त्यामुळे ‘हार्वर्ड’ मागणाऱ्या दोन जर्नलांच्या सूच्या वेगळ्या दिसू शकतात. त्या जर्नलचा ताजा अंक उघडून नमुना पाहावा, हे उत्तम.

एक उदाहरण घेऊ. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धान्तावरचा निबंध १९६४ साली रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये आला : खंड २८२, पृष्ठ १९१ पासून. व्हँकुव्हर पद्धतीत तो मजकुरात नुसता आकडा होऊन बसेल. हार्वर्ड पद्धतीत ‘हॉइल आणि नारळीकर, १९६४’ असा दिसेल आणि सूचीत आडनावाच्या अक्षरक्रमाने लागेल. दोन्हीकडे खंड २८२च राहील. बदलतो तो पोशाख. लेखक किती द्यायचे हेही असंच, संकेताचं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची पद्धत सहापेक्षा जास्त लेखक असले की पहिले तीन घेऊन ‘एट अल.’ म्हणते, मानसशास्त्रज्ञांची एपीए पद्धत २०१९च्या आवृत्तीपासून वीसपर्यंत सगळी नावं मागते.

मराठी नावांची मात्र खास काळजी घ्यावी लागते. ‘नारळीकर जे. व्ही.’ यातला ‘व्ही’ वडिलांच्या नावाचा, विष्णूचा. ते आद्याक्षर कधी द्यायचं, कधी गाळायचं असं केलं, किंवा लग्नानंतर आडनाव बदललं, तर एकाच संशोधकाचे निबंध दोन वेगळ्या व्यक्तींच्या नावावर विखुरतात. २०१२पासून मिळणारा ओआरसीआयडी हा सोळा अंकी क्रमांक त्यासाठीच आहे, आणि तो फुकट मिळतो.

‘स्वल्पविराम चुकला की निबंध परत येतो.’

निबंध नाकारले जातात ते मुख्यतः आशयावरून. एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेची बरीच जर्नलं तर पहिल्यांदा पाठवताना कोणतीही पद्धत चालवून घेतात. ती सगळीकडे सारखी असली म्हणजे झालं. जर्नलच्या सूचनांमध्ये ही सवलत आहे का, एवढं आधी पाहावं.

‘सॉफ्टवेअर आहे ना, ते करेल सगळं.’

झोटेरो, मेंडेली, एंडनोट ही संदर्भ सांभाळणारी साधनं वापरावीतच. झोटेरो २००६पासून मोफत आहे. पण सॉफ्टवेअर पोशाख चढवतं, माणूस ओळखत नाही. ‘वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन’ हे नाव व्यक्तीच्या रकान्यात पडलं, की सूचीत ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यू. एच.’ नावाचे एक गृहस्थ अवतरतात.

तयार साच्याने केलेला सगळ्यात मोठा विनोद वेगळाच. ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’, लेखक व्हान डर गीर आणि इतर, साल २००० : हा निबंध कधी लिहिलाच गेला नाही. एल्सेव्हियरने संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून तो रचला होता. तरी ‘वेब ऑफ सायन्स’ या निबंधांच्या नोंदसंग्रहात त्याला जवळजवळ चारशे निबंधांनी उद्धृत केल्याची नोंद होती! लायडनचे प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांच्या ते लक्षात आलं आणि संशोधक ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली ही हकिकत मांडली. उलगडा साधा होता. यातले बहुतेक परिषदांचे निबंध होते; साच्यातला नमुना पुसायचा राहून गेला होता. लेखक, समीक्षक, संपादक, कुणाचीच नजर तिथे पडली नाही.

‘दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उचलला तर काय बिघडलं?’

सिम्किन आणि रॉयचौधरी या संशोधकांनी २००३ साली याचा माग काढला तो छपाईच्या चुकांवरून. कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांच्या १९७३च्या गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४३०० उल्लेख त्यांनी तपासले. त्यातल्या १९६ उल्लेखांत चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पृष्ठांकाची एक चूक तर ७८ वेळा आली. इतक्या जणांच्या हातून तीच चूक स्वतंत्रपणे होईल कशी? मूळ निबंध वाचून संदर्भ देणारे साधारण पाचातला एक, असा त्यांचा अंदाज निघाला.

याहून गंभीर प्रकार स्वल्पविरामातही सापडत नाही आणि पृष्ठांकातही. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं : रुग्णालयात अफूजन्य औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसनाची नीट नोंदलेली प्रकरणं चारच. २०१७ साली त्याच जर्नलमध्ये या पत्राच्या ६०८ उल्लेखांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४३९ लेखकांनी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते वापरलं होतं, आणि हे रुग्ण रुग्णालयातले होते ही मुख्य अट सुमारे ८१ टक्के उल्लेखांत नव्हती. खंड, साल, पृष्ठ अचूक असूनही संदर्भ खोटा ठरू शकतो तो असा. माझ्या मते संदर्भसूची तपासताना अर्धा वेळ इथेच जायला हवा : वाक्य आणि मूळ निबंध शेजारी ठेवून.

‘डीओआय दिला की प्रश्न मिटला.’

डीओआय हा क्रमांक निबंधाचा कायमचा पत्ता देतो, प्रकृती सांगत नाही. एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा १९९८चा निबंध ‘लॅन्सेट’ने फेब्रुवारी २०१०मध्ये मागे घेतला, तरी त्याचा डीओआय आजही उघडतो, पान उघडल्यावर मागे घेतल्याची नोंद दिसते, पण ती उघडणाऱ्यालाच. झोटेरो आता, मागे घेतलेल्या निबंधांची यादी ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या नोंदींवरून अशा निबंधांवर इशारा देतो.

चॅटबॉटने सुचवलेल्या संदर्भांना तर दुहेरी तपासणी हवी. लेखक खरा, जर्नल खरं, खंड पटण्याजोगा आणि निबंधच अस्तित्वात नाही, अशी जुळणी तो सहज करतो. कधी डीओआय उघडतोही, पण आत भलताच निबंध असतो. तेव्हा शीर्षक आणि लेखक दोन्ही जुळवूनच नोंद सूचीत घ्यावी.