जठरातील जिवाणू आणि कर्करोगाची वाट

आमच्या वडिलांना पोटशूळाचा जुना विकार होता. रात्री दोन-अडीचला ते उठून बसत, पोट दाबून धरीत आणि खाण्याचा सोडा पाण्यात घालून घेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले, “तिखट बंद करा, चिंता सोडा.” वस्तीतल्या जाणत्यांनी सांगितले, “कुणीतरी करणी केली आहे.” आईने भाजीतली मिरची कमी केली, अंगाराही आणला. दोन्ही सल्ले वरवर परस्परविरुद्ध होते. परंतु कारण शोधायला दोहोंपैकी एकही तयार नव्हता. शेतमजुरी करून पाच मुले वाढविणाऱ्या माणसाने चिंता सोडावी तरी कशी, हा प्रश्नही कोणाला पडला नाही. १९८६ साली रक्ताची उलटी होऊन वडील गेले. तेव्हा आम्ही अकरावीत होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आले की, पोटाच्या व्रणाचे एक प्रमुख कारण त्याआधीच जगापुढे मांडले गेले होते. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने आम्हाला या शोधाची कथा मोलाची वाटते. म्हणून ती येथे क्रमाने सांगत आहोत.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या रुग्णालयात रॉबिन वॉरेन हे विकृतिशास्त्रज्ञ होते. १९७९ मध्ये जठराच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना वळणदार आकाराचे जिवाणू दिसले. जठरात तीव्र आम्ल असते, तेथे जिवाणू जगूच शकत नाही, असा त्या काळचा सर्वमान्य समज होता. वॉरेन यांनी त्या समजापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर १९८१ मध्ये त्यांना येऊन मिळाले. जिवाणू प्रयोगशाळेत वाढविण्याचे प्रयत्न वारंवार फसत होते. कारण दोन दिवसांत वाढ दिसली नाही की बश्या टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढलेला आढळला. त्याला केवळ अधिक वेळ हवा होता! १९८४ मध्ये दोघांचा निबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला, तरी वैद्यकविश्व साशंकच राहिले. तेव्हा मार्शल यांनी त्या जिवाणूचे द्रावण स्वतः प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना मळमळ व उलट्या सुरू झाल्या. तपासणीत जठराला सूज आणि तेथे तोच जिवाणू दिसला. असे धाडस कोणी अनुकरणात आणू नये. पण त्यामागची पुरावा देण्याची तळमळ समजून घ्यावी. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जिवाणूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

आता पुढचा प्रश्न. सूज आणि व्रण येथवर ठीक. पण कर्करोगाशी जिवाणूचा संबंध काय? ज्यांच्या जठरात हा जिवाणू वर्षानुवर्षे राहतो, त्यांच्यात जठराचा कर्करोग अधिक आढळतो, असे अनेक देशांतील पाहणीत दिसले. त्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याची गणना कर्करोगजनक घटकांत केली. हे कसे घडते, याचे उत्तर मात्र रेणूंच्या पातळीवरच मिळणार होते.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनएचा लांब धागा असतो. चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला तो मजकूरच होय. त्यातील एखाद्या प्रथिनाची कृती सांगणारा उतारा म्हणजे जनुक, आणि संपूर्ण ग्रंथ म्हणजे जनुकसंच. १९९५ मध्ये प्रथमच एका स्वतंत्र जगणाऱ्या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. १९९७ मध्ये हेलिकोबॅक्टरची पाळी आली. त्याचा ग्रंथ सुमारे १६ लाख ६८ हजार अक्षरांचा आणि जनुके सुमारे १,६०० भरली. मानवाच्या ग्रंथात तीन अब्जांहून अधिक अक्षरे असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा लहानपणा कळतो.

या छोट्या ग्रंथातून दोन गोष्टी उलगडल्या. पहिली, आम्लात जगण्याची. या जिवाणूजवळ युरिएज नावाचे विकर असते. ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते. अमोनिया सभोवतालचे आम्ल शमविते आणि जिवाणू अस्तरावरील चिकट थरात आसरा घेतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या जिवाणूच्या काही वाणांत सुमारे ४० हजार अक्षरांचा एक वेगळा पट्टा असतो. तो दुसऱ्या एखाद्या जिवाणूकडून आला असावा, असे मानतात. या पट्ट्यातील जनुके मिळून सूक्ष्म सुईसारखे एक यंत्र घडवितात. जिवाणू ते आपल्या जठराच्या पेशीला टेकवतो आणि ‘कॅग-ए’ नावाचे प्रथिन थेट पेशीच्या आत सोडतो.

पेशीत गेल्यावर काय होते? निरोगी पेशी आपल्या मनाने वाढत नाही. बाहेरून ‘वाढ’ असा निरोप येतो, निरोप्या प्रथिनांची साखळी तो आत पोहोचवते आणि काम संपताच ती साखळी शांत होते. जठराच्या अस्तरावरील पेशी काही दिवसांतच झिजतात व नव्या येतात. म्हणून हा चालू-बंदचा शिस्तशीर व्यवहार तेथे फार महत्त्वाचा. जपानमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले की, कॅग-ए हे ‘शिप-टू’ नावाच्या निरोप्याला चिकटते आणि त्याला चालू अवस्थेत ठेवते. बाहेरून निरोप आलेला नसतानाही पेशीला वाढीचा आदेश मिळत राहतो. शेजारच्या पेशींशी असलेली घट्ट वीणही सैल होते. २००८ मध्ये उंदरांच्या पेशींतच कॅग-ए निर्माण होईल अशी व्यवस्था केली असता काही उंदरांना कर्करोग झाला. जिवाणू तेथे नव्हता, केवळ त्याचे प्रथिन होते. याच्या जोडीला दीर्घकाळच्या सुजेतून निघणारी दाहक रसायने पेशीच्या डीएनएवर घाव घालतात. घाव साठत जातात, अस्तर झिजते, पेशींचे रूप पालटते. आणि काहींच्या बाबतीत कित्येक दशकांनंतर कर्करोग उद्भवतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. जगातील सुमारे निम्म्या लोकांच्या जठरात हा जिवाणू आहे. त्यांतील फारच थोड्यांना, शंभरातील एक ते तिघांना, कर्करोग होतो. भारतात हा जिवाणू सर्वत्र आढळतो. तरी जठराच्या कर्करोगाचे प्रमाण एकंदरीत कमी आणि मिझोराममध्ये मात्र खूप अधिक आहे. जिवाणूचा वाण, माणसाची घडण, तंबाखू, खारवलेले व धुरावलेले अन्न अशी अनेक कारणे एकत्र येतात, तेव्हाच परिणाम घडतो. कारणांशिवाय काही उपजत नाही आणि एकाच कारणाने सारे उपजतही नाही, हे या संस्थेत वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको.

इतिहासाच्या अभ्यासकाला याच जनुकसंचाने आणखी एक भेट दिली आहे. हा जिवाणू बहुधा बालपणी घरातल्या माणसांकडूनच येतो, त्यामुळे तो पिढ्यान्‌पिढ्या माणसाबरोबर चालत आला. त्याच्या डीएनएतील फरकांवरून मानवाचा आफ्रिकेतून जगभर झालेला प्रवास ताडून पाहता येतो. आल्प्स पर्वताच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पोटातही तो निघाला. आणि त्याचे साम्य आजच्या मध्य व दक्षिण आशियातील वाणांशी जुळले. माणसे कोठून कोठे गेली, याची नोंद पोथ्यांनी ठेवली नाही. ती पोटाने ठेवली.

आता पालकांसाठी व माजी विद्यार्थ्यांसाठी चार शब्द. वारंवार होणारी पोटदुखी, काळी शौचास, रक्ताची उलटी, कारणाविना घटणारे वजन यांकडे दुर्लक्ष करू नये. सोड्यावर किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्यांवर वर्षे काढू नयेत. श्वासाच्या, शौचाच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीने हा जिवाणू ओळखता येतो. डॉक्टरांना उपचार आवश्यक वाटल्यास दोन किंवा अधिक प्रतिजैविके व आम्ल कमी करणारे औषध, बहुधा चौदा दिवस, देतात. बरे वाटताच गोळ्या थांबविणे ही आपल्याकडची घातक सवय आहे. अर्धवट मारलेला जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो. लहान मुलांना हात धुण्याची व स्वच्छ पाण्याची सवय लावावी. वसतिगृहातील नळापाशी साबण ठेवण्याचा आग्रह आम्ही त्यासाठीच धरतो.

आमच्या वडिलांच्या जठरात हा जिवाणू होता की नाही, हे कोणीच तपासले नाही. तपासावे असे कोणाच्या मनातही आले नाही. आज तपासणीची सोय आहे आणि आपली मुले ती समजून घेण्याइतकी शिकली आहेत. कोणाच्याही घरात रात्री कोणी पोट धरून उठून बसत असेल, तर त्याला ‘चिंता सोड’ म्हणून निजवू नका. सकाळी त्याला दवाखान्यात घेऊन जा.