एक्सझेड युटिल्स चोरदरवाजा प्रकरण

एक्सझेड युटिल्स चोरदरवाजा प्रकरण ही २९ मार्च २०२४ रोजी उघडकीस आलेली संगणक सुरक्षेशी संबंधित घटना होय. लिनक्स प्रणालींवर फाइलींच्या कॉम्प्रेशनसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड युटिल्स या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये, प्रकल्पाच्या सह-देखभालकर्त्याच्या खात्यातूनच घातक कोड दडवण्यात आला होता. या कोडमुळे विशिष्ट गुप्त किल्ली जवळ असलेल्या व्यक्तीला दूरच्या संगणकावर पासवर्डशिवाय हव्या त्या आज्ञा चालवता आल्या असत्या. अशा छुप्या प्रवेशमार्गाला बॅकडोअर किंवा चोरदरवाजा म्हणतात. या दोषाला सीव्हीई-२०२४-३०९४ हा क्रमांक आणि तीव्रतेच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण देण्यात आले.

बहुतेक लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत हा कोड पोहोचण्यापूर्वीच आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या तो लक्षात आला. प्रोग्राममधील नकळत राहिलेल्या चुकीचा हा प्रकार नव्हता. दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून, सॉफ्टवेअर अद्यतनाच्या नेहमीच्या मार्गानेच घातक कोड वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवण्याचा हा प्रयत्न होता.

पार्श्वभूमी

एक्सझेड युटिल्स हा एलझेडएमए या कॉम्प्रेशन पद्धतीवर आधारलेला साधनसंच आहे. लिबएलझेडएमए ही लायब्ररी त्याचाच भाग असून इतर अनेक प्रोग्राम तिचा उपयोग करतात. डेबियनची पॅकेजे, विविध प्रकल्पांच्या मूळ कोडचे संच आणि लिनक्स कर्नलच्या प्रतिमा या पद्धतीने लहान केल्या जातात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकावर हे सॉफ्टवेअर आढळते. तरीही त्याची देखभाल अनेक वर्षे फिनलंडमधील लासे कोलिन हे मुख्यतः एकट्याने आणि विनामोबदला करीत होते.

सामान्य लिनक्स वापरकर्ता असे सॉफ्टवेअर थेट मूळ प्रकल्पाकडून घेत नाही. मूळ प्रकल्पाने नवी आवृत्ती प्रकाशित केली की डेबियन, फेडोरा, ओपनसुसे यांसारखी वितरणे तिचा कोड घेतात, त्यापासून पॅकेज तयार करतात, त्यावर डिजिटल स्वाक्षरी करतात आणि आपल्या भांडारात ठेवतात. वापरकर्त्याचा संगणक ती स्वाक्षरी तपासून मगच अद्यतन स्वीकारतो. पॅकेज वितरणानेच दिले आहे आणि वाटेत कोणी बदललेले नाही, एवढे या स्वाक्षरीवरून सिद्ध होते. मूळ कोड लिहिणाऱ्याचा हेतू मात्र तिच्यावरून कळत नाही. या प्रकरणात स्वाक्षऱ्या खऱ्या होत्या आणि त्या करणाऱ्यांना पॅकेजमधील घातक भागाची कल्पना नव्हती.

देखभालीच्या सूत्रांचे हस्तांतरण

'जिया टॅन' या नावाचे खाते गिटहब या संकेतस्थळावर २०२१ मध्ये उघडण्यात आले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये या नावाने एक्सझेड युटिल्ससाठी पहिली दुरुस्ती पाठवण्यात आली. सुरुवातीच्या दुरुस्त्या साध्या व उपयुक्त होत्या.

२०२२ मध्ये प्रकल्पाच्या ईमेल-यादीवर काही नवी खाती दिसू लागली. दुरुस्त्या स्वीकारण्यास विलंब होतो, प्रकल्प रेंगाळला आहे आणि त्याला नवा देखभालकर्ता हवा, अशा तक्रारी या खात्यांनी वारंवार केल्या. हे काम आपण विनामोबदला, छंद म्हणून करतो आणि व्यक्तिगत अडचणींमुळे त्याला पुरेसा वेळ देता येत नाही, असे कोलिन यांनी जून २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. तक्रार करणाऱ्या खात्यांचा अन्यत्र फारसा माग लागत नाही. त्यामुळे ती दबाव आणण्यासाठीच तयार केलेली बनावट खाती असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

या काळात जिया टॅन यांच्याकडे हळूहळू अधिकार येत गेले. २०२३ मध्ये हे खाते प्रकल्पात थेट बदल करू लागले आणि नव्या आवृत्त्याही प्रकाशित करू लागले. मुक्त स्रोत प्रकल्पांची आपोआप चाचणी करणाऱ्या गुगलच्या ओएसएस-फझ या सेवेत प्रकल्पाचा संपर्क म्हणून त्यांचा पत्ता नोंदवला गेला. जुलै २०२३ मध्ये या सेवेतील चाचणीपुरते एक तांत्रिक वैशिष्ट्य बंद ठेवण्याचा बदलही त्यांनी करून घेतला. चोरदरवाजा पुढे याच वैशिष्ट्यावर अवलंबून होता.

चोरदरवाजाची रचना

आवृत्ती ५.६.० ही २४ फेब्रुवारी २०२४ रोजी आणि ५.६.१ ही ९ मार्च २०२४ रोजी प्रकाशित झाली. घातक कोड वाचता येईल अशा रूपात कोठेही नव्हता. तो दोन चाचणी-फाइलींमध्ये दडवलेला होता. कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या द्विमान फाइली ठेवण्याची पद्धत असल्याने अशा फाइलींचा कोणाला संशय येत नाही.

या फाइलींमधील कोड बाहेर काढणारी आज्ञा प्रकल्पाच्या सार्वजनिक गिट भांडारात नव्हती. प्रकाशनासाठी तयार केलेल्या संकुचित संचात मात्र एका बांधणी-फाइलीत ती घालण्यात आली होती. वितरणे पॅकेज तयार करण्यासाठी बहुधा हाच संच वापरतात, तर बदलांचे परीक्षण करणारे लोक गिट भांडार पाहतात. या दोहोंतील फरकाचा येथे फायदा घेण्यात आला.

दडवलेली आज्ञा सर्वत्र सक्रिय होत नसे. संगणक ६४-बिट एक्स८६ रचनेचा आहे, प्रणाली लिनक्स आहे आणि डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज तयार केले जात आहे, या अटी पूर्ण झाल्या तरच घातक भाग लिबएलझेडएमएमध्ये मिसळला जाई. त्यामुळे स्वतःच्या संगणकावर कोड सहज बांधून पाहणाऱ्याला काही वावगे दिसण्याची शक्यता कमी होती.

हल्ल्याचे अंतिम लक्ष्य ओपनएसएसएच हे सॉफ्टवेअर होते. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्यासाठी जगभरातील सर्व्हरवर ते वापरले जाते. ओपनएसएसएच स्वतः लिबएलझेडएमए वापरत नाही. मात्र सेवा सुरू झाल्याची सूचना सिस्टमडी या प्रणाली-व्यवस्थापकाला मिळावी, म्हणून डेबियन, फेडोरा आदी वितरणांनी त्यात स्वतःची एक जोडणी केली होती. त्या जोडणीमुळे सिस्टमडीची लायब्ररी आणि तिच्या पाठोपाठ लिबएलझेडएमए ही एसएसएच सेवेच्या प्रक्रियेत येत असे. ग्नू सी लायब्ररीतील आयफंक या सोयीचा वापर करून घातक कोड किल्ली-पडताळणीच्या एका फंक्शनची जागा घेई. विशिष्ट खासगी किल्लीने स्वाक्षरी केलेली विनंती आली तर तिच्यातील आज्ञा चालवली जाई आणि अन्य विनंत्यांच्या बाबतीत नेहमीचेच काम होई. परिणामी, ती किल्ली जवळ नसणाऱ्याला बाहेरून चोरदरवाजा वापरता आला नसता आणि त्याचे अस्तित्व ओळखणेही कठीण होते.

याच काळात आणखी एक बदल करण्यात आला होता. लँडलॉक ही प्रोग्रामच्या अधिकारांवर मर्यादा घालणारी लिनक्सची सुरक्षा सोय आहे. ती उपलब्ध आहे का, हे तपासणाऱ्या चाचणी-कोडमध्ये एक अनाठायी पूर्णविराम टाकण्यात आला. त्यामुळे ती तपासणी नेहमी अयशस्वी ठरे आणि सीमेक या साधनाने बांधलेल्या प्रतींमध्ये ही सोय बंदच राही. प्रकरण उघड झाल्यावर कोलिन यांनी तो पूर्णविराम काढून टाकला.

शोध

आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आणि पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे विकसक आहेत. डेबियनच्या अस्थिर शाखेवर वेगमापनाची चाचणी करताना, अयशस्वी ठरणाऱ्या एसएसएच लॉगिनसाठीही प्रोसेसरचा वापर अनपेक्षितपणे जास्त होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पूर्वी सुमारे ०.३ सेकंदांत होणाऱ्या लॉगिनला आता सुमारे ०.८ सेकंद लागत होते. व्हॅलग्राइंड या तपासणी-साधनाने दाखवलेल्या काही विचित्र त्रुटीही त्यांना आठवल्या. या दोन धाग्यांचा माग काढत ते लिबएलझेडएमएपर्यंत पोहोचले. सुरुवातीला डेबियनचे पॅकेज कोणी तरी दूषित केले असावे असा त्यांचा समज झाला, परंतु दोष मूळ प्रकल्पाच्या प्रकाशनातच असल्याचे पुढील तपासणीत दिसून आले.

त्यांनी प्रथम डेबियनच्या सुरक्षा पथकाला कळवले आणि २९ मार्च २०२४ रोजी मुक्त स्रोत सुरक्षेच्या सार्वजनिक ईमेल-यादीवर सविस्तर माहिती प्रसिद्ध केली. ५.६.० च्या प्रकाशनापासून तोवर सुमारे पाच आठवडे उलटले होते. या काळात नवी आवृत्ती लवकर स्वीकारावी, यासाठी वितरणांकडे पाठपुरावाही करण्यात आला होता.

प्रभावित वितरणे

लिनक्स वितरणांमध्ये नवी आवृत्ती आधी चाचणीच्या किंवा सतत अद्ययावत होणाऱ्या शाखेत येते आणि काही महिन्यांनी स्थिर शाखेत जाते. त्यामुळे दूषित आवृत्त्यांचा प्रसार प्रामुख्याने पहिल्या प्रकारच्या शाखांपुरता मर्यादित राहिला.

डेबियन: चाचणी, अस्थिर आणि प्रायोगिक शाखांमध्ये दूषित पॅकेजे आली होती. डेबियन १२ या स्थिर आवृत्तीत एक्सझेडची ५.४.१ ही आवृत्ती असल्याने ती सुरक्षित राहिली.

फेडोरा: रॉहाइड ही विकासशाखा आणि फेडोरा ४० ची प्रकाशनपूर्व आवृत्ती यांमध्ये ही पॅकेजे पोहोचली होती. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सवर परिणाम झाला नाही.

ओपनसुसे: टम्बलवीड या सतत अद्ययावत होणाऱ्या वितरणात ७ ते २८ मार्च या काळात दूषित आवृत्ती उपलब्ध होती.

काली लिनक्स: २६ ते २९ मार्च दरम्यान अद्यतन केलेल्या संगणकांवर दूषित आवृत्ती आली होती.

आर्च लिनक्स: दूषित प्रकाशनापासून तयार झालेले पॅकेज वितरित झाले होते. मात्र आर्चमधील एसएसएच सेवा लिबएलझेडएमएशी जोडलेली नसल्याने हल्ल्याचा हा मार्ग तेथे खुला नव्हता.

उबुंटू: प्रकाशित झालेल्या कोणत्याही आवृत्तीत दूषित पॅकेज नव्हते.

तातडीचे उपाय

अद्यतनातूनच धोका आल्यामुळे नेहमीच्या सल्ल्याच्या उलट सल्ला द्यावा लागला. वापरकर्त्यांनी एक्सझेडच्या जुन्या, सुरक्षित आवृत्तीकडे परत जावे, असे अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने सुचवले. रेड हॅटने फेडोरा रॉहाइडचा वापर तात्काळ थांबवण्यास सांगितले. पॅकेज व्यवस्थापक सहसा मोठ्या क्रमांकाची आवृत्तीच नवी समजतो. म्हणून डेबियनने पॅकेजच्या नावातील क्रमांक ५.६.१ ठेवून आत प्रत्यक्षात ५.४.५ चा कोड दिला, जेणेकरून वापरकर्त्यांचे संगणक जुना कोड अद्यतन म्हणून आपोआप स्वीकारतील.

उबुंटू २४.०४ ची चाचणी आवृत्ती एका आठवड्याने पुढे ढकलून ११ एप्रिल रोजी प्रकाशित करण्यात आली. दरम्यान तिच्यातील पॅकेजे नव्याने बांधण्यात आली. गिटहबने एक्सझेडचे भांडार काही काळ बंद ठेवले. कोलिन यांनी पुन्हा सूत्रे हाती घेऊन बदलांची तपासणी केली आणि २९ मे २०२४ रोजी चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रकाशित केली. जिया टॅन या नावामागे कोण होते, हे जाहीरपणे सिद्ध झालेले नाही. कामातील सातत्य व तांत्रिक कौशल्य पाहता त्यामागे एखाद्या राष्ट्राचे पाठबळ असावे, असा तर्क काही सुरक्षा तज्ज्ञांनी मांडला.

नंतरचे बदल

सिस्टमडीच्या विकसकांनी कॉम्प्रेशन लायब्ररी सुरुवातीलाच न जोडता गरज पडेल तेव्हाच जोडण्याचा बदल प्रकरण उघड होण्यापूर्वी विकासशाखेत स्वीकारला होता. जून २०२४ मधील २५६ व्या आवृत्तीत तो वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला. या बदलामुळे हल्ल्याचा मार्ग लवकरच बंद होणार होता. म्हणून हल्लेखोराने घाई केली असावी, असेही काहींचे मत आहे. जुलै २०२४ मधील ओपनएसएसएच ९.८ मध्ये सिस्टमडीला सूचना देण्याची सोय बाहेरच्या लायब्ररीशिवाय थेट अंतर्भूत करण्यात आली. त्यामुळे वितरणांनी केलेल्या वेगळ्या जोडणीची गरज उरली नाही.

एप्रिल २०२४ मध्ये ओपनएसएसएफ आणि ओपनजेएस फाउंडेशन या संस्थांनी संयुक्त इशारा दिला. अपरिचित व्यक्तींकडून देखभालीचे अधिकार मिळवण्यासाठी येणारा आग्रह, त्याला इतर नवख्या खात्यांचा पाठिंबा आणि कृत्रिमरीत्या निर्माण केलेली घाई या लक्षणांकडे प्रकल्पांनी लक्ष द्यावे, असे त्यात म्हटले होते. प्रकाशनाचा संच व गिट भांडार यांची तुलना करणे, पॅकेज थेट भांडारातील कोडपासून बांधणे आणि एकाच कोडपासून तंतोतंत सारखे पॅकेज पुन्हा तयार करता येणे, या पद्धतींकडेही अधिक लक्ष वेधले गेले.

महत्त्व

२०१४ मधील हार्टब्लीड आणि २०२१ मधील लॉग४शेल या दोषांनंतरही, मोठ्या व्यवस्थांना आधार देणाऱ्या लहान प्रकल्पांमधील मनुष्यबळाच्या कमतरतेची चर्चा झाली होती. ते दोष चुकीतून निर्माण झाले होते. एक्सझेड प्रकरणात मात्र ही कमतरताच हल्ल्याचा प्रवेशमार्ग ठरली. थकलेल्या देखभालकर्त्याला देऊ केलेली मदत आणि हल्ल्याची पूर्वतयारी यांतील फरक बाहेरून दिसत नव्हता.

मुक्त स्रोत पद्धतीविषयी या प्रकरणातून दोन्ही बाजूंचे निष्कर्ष काढले गेले. कोड सर्वांना पाहता येतो म्हणून तो कोणी तरी तपासलेला असतोच असे नाही, याचे हे उदाहरण मानले जाते. दुसरीकडे, कोड, बदलांचा इतिहास आणि पत्रव्यवहार खुला असल्यामुळेच वेगळ्या प्रकल्पातील एका विकसकाला अर्ध्या सेकंदाच्या विलंबाचे मूळ शोधता आले आणि त्यानंतर अल्प काळात अनेक देशांतील अभ्यासकांना संपूर्ण कटाचा माग लावता आला. अद्यतने टाळणे हा या प्रकरणावरील उपाय मानला जात नाही, कारण ज्ञात दोष दुरुस्त करण्याचा अद्यतन हाच मुख्य मार्ग आहे. नवी आवृत्ती स्थिर शाखेत येण्यापूर्वी ती काही काळ चाचणीत ठेवण्याच्या वितरणांच्या जुन्या प्रथेमुळे या वेळी बहुसंख्य वापरकर्त्यांचे संरक्षण झाले.