उजवीकडची जागा



तारनाका हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. तार आणि नाका हे दोन्ही शब्द आपल्या घरातले. निजामी अमदानीत येथे आमराई होती, तिला तारेचे कुंपण होते आणि कुंपणापाशी चौकीचा नाका होता, असे जुनी मंडळी सांगतात. आज येथे एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ आहे, दुसऱ्या अंगाला रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आणि रस्तोरस्ती शिकवणीवर्गांचे फलक आहेत. त्या फलकांवर मुलामुलींची छायाचित्रे असतात आणि त्यांखाली, नावाहून मोठ्या आकड्यांत, परीक्षेतील क्रमांक. ज्याचा जन्म मुले शिकवण्यात जातो आहे त्याला ते वाचल्यावाचून पुढे जाता येत नाही. कीर्ती, संपत्ती, महत्त्वाकांक्षा आणि समाधान हा आजचा विषय म्हणून या फलकांपासूनच सुरू करू.

ख्रिस्ती शिकवण महत्त्वाकांक्षेला पापच समजते, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्यातील काही उपदेशकांनीही तो वाढवला आहे. पण मत्तयच्या शुभवर्तमानातील विसावा अध्याय काढून पाहावा. तेथे जब्दीची पत्नी आपल्या दोन मुलांना, याकोबाला आणि योहानाला, घेऊन येशूपुढे येते. हे घर अगदीच गरिबाचे नव्हे. जब्दीची स्वतःची होडी होती, पदरी मजूर होते. ही माउली मागते काय? तुमच्या राज्यात माझा एक मुलगा तुमच्या उजवीकडे बसावा आणि दुसरा डावीकडे. पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक एकाच घरात! पालकसभेत अशा माउल्या आम्हांला नित्य भेटतात, आणि त्यांच्या मागणीत लबाडी नसते, माया असते.

येशू तिला झिडकारीत नाही. आपण काय मागतो हे तुम्हांला ठाऊक नाही, एवढेच तो सांगतो. मग गंमत पाहा. उरलेले दहा शिष्य त्या दोघांवर रागावतात. त्यांना जर त्या जागांचा लोभ नसता, तर ते रागावले कशाला असते? त्या दहांना जवळ बोलावून येशू जे सांगतो, त्यात ‘मोठे होऊ नका’ असे कोठेही नाही. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे, असे तो म्हणतो. मोठेपणाची इच्छा तो काढून घेत नाही, तिचे तोंड दुसरीकडे वळवतो. पुढे याकोबाला हेरोद राजाने तलवारीने मारले, हे प्रेषितांच्या कृत्यांत आलेले आहे. मागितलेली जागा त्याला कोणत्या वाटेने गाठावी लागली, हे त्या आईच्या तेव्हा स्वप्नातही नसेल.

आता संपत्तीकडे वळू, आणि त्यासाठी हैदराबादेबाहेर जायला नको. 1891 साली सहावे निजाम महबूब अली यांनी अलेक्झांडर जेकब नावाच्या जवाहिऱ्याशी एका हिऱ्याचा सौदा केला. हिरा सुमारे 185 कॅरटचा. सौदा फिसकटला, प्रकरण कलकत्त्याच्या न्यायालयात गेले. जेकब आरोपातून सुटला, पण बुडाला, आणि दारिद्र्यात मेला. हिरा निजामांकडे राहिला, पण त्याच्या पायी झालेल्या शोभेमुळे त्यांच्या मनातून तो उतरला. त्यांचे पुत्र मीर उस्मान अली यांना तो वडिलांच्या जोड्यात सापडला, अशी कथा आहे. त्यांनी तो कागदांवर वजन म्हणून ठेवला. 1937 साली जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून ‘टाइम’ साप्ताहिकाने ज्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले, ते हेच. 1995 साली भारत सरकारने निजामांचे जवाहीर 218 कोटी रुपयांना घेतले, आणि तो हिरा रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत गेला.

पण याच उस्मान अलींनी 1918 साली विद्यापीठाचे फर्मान काढले, आणि तारनाक्याची आजची वस्ती त्या फर्मानाच्या आधाराने वाढली. अर्थात तो पैसा रयतेचा होता, त्या रयतेत मराठवाड्यातील कुणबीही होता, आणि त्याच्या मुलाला त्या विद्यापीठात शिकायचे तर उर्दूतून शिकावे लागे, हेही विसरता कामा नये. तरी जे खर्चिले गेले ते आज पिढ्यांना शिकवीत आहे.

राहता राहिले समाधान. संत पौलाने फिलिप्पैकरांना तुरुंगातून पत्र लिहिले. आहे त्या स्थितीत समाधानी राहण्यास आपण शिकलो, असे तो त्यात कळवतो. शिक्षकाला येथे ‘शिकलो’ हा शब्द मोलाचा वाटतो. समाधान कोणाला उपजत मिळत नाही, ते शिकावे लागते. आणि पौलासारख्या सदैव धावणाऱ्या, समुद्र ओलांडणाऱ्या माणसाने ते शिकले होते. तेव्हा समाधान म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे.

मात्र समाधानाचीही एक लबाडी असते. ती मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे उमगली. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे 1895 साली ख्रिस्ती झाले, कवी म्हणून नावाजले, आणि 1917 साली मिशनची नोकरी व तिचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. कीर्ती आणि पैसा यांविषयी त्यांची निरिच्छता खरी होती. पण हाती आलेला पैसा देऊन टाकणाऱ्या नवऱ्याच्या घरी चूल कशी पेटते, हे लक्ष्मीबाईंना विचारावे. त्या रागावतात, हसतात, प्रसंगी भांडतात, आणि सर्व काही लिहून ठेवतात. नवऱ्याच्या वैराग्याचा अर्धा खर्च बायकोच्या खात्यावर पडतो, हे इतक्या निर्मळपणे मराठीत दुसऱ्या कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. आपण निरिच्छ झालो म्हणून आनंदणाऱ्या पुरुषांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. आणि मुलाच्या क्रमांकासाठी घर गहाण टाकणाऱ्यांनीही, कारण तेथेही हिशेब तोच आहे. मागणी एकाची, आणि झीज दुसऱ्याची.

टिळक 1919 साली वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य थोडेसेच लिहून झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्या हाताखाली अक्षरे गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालवायला घेतले. आज त्या ग्रंथाचे बहुतेक अध्याय त्यांचे आहेत.