विडीची प्रत आणि ‘छाट’ : गुणवत्तेच्या निकषांचा विचार

उंची सिगारची प्रत पारखण्याचे निकष पाश्चात्त्य जगात बरेच निश्चित झालेले आहेत. वरच्या पानाची तकाकी व शिरा, धूर ओढताना जाणवणारा अवरोध, राखेचा घट्टपणा, सर्व बाजूंनी सारखे जळणे आणि टप्प्याटप्प्याने बदलत जाणारी चव यांचा त्यात समावेश होतो. महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळचे उदाहरण विडीचे होय. नागापूर आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जात असले, तरी लगतच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरातील पद्मशाली वस्त्यांत, तसेच संगमनेर, सिन्नर व सोलापूर येथे विडी वळणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे घरगुती काम राहिले आहे. विडीचीही पारख होते. मात्र सिगारची पारख ओढणारा करतो, तर विडीची कारखान्यातील तपासनीस. या पारखीची किंमत कोण मोजतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विडीची प्रत प्रथम पानावर ठरते. तेंदूचे, म्हणजेच टेंभुर्णीचे पान गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतील जंगलांतून उन्हाळ्यात तोडले जाते. बारीक शिरांचे, लवचीक पान उत्तम. जाड शिरेचे पान वळतानाच फुटते. पाने भिजवून पत्र्याच्या साच्याच्या मापाने कात्रीने कापली जातात. भिजवण कमी पडल्यास कड चिरते, अधिक झाल्यास बुरशीचे भय असते. तंबाखू मुख्यतः निपाणी परिसरातील व गुजरातेतील चरोतर भागातील. चव, वास व कडकपणा या मिश्रणातून येतो आणि मिश्रण मालक ठरवितो. वळणाऱ्या हाताकडे उरते ते भरण, आकार, तोंड दुमडणे व दोरा बांधणे. भरण सैल झाल्यास तंबाखू गळते, दाबून झाल्यास धूर ओढला जात नाही. तेंदूचे पान कागदाइतके सच्छिद्र नसल्याने विडी वारंवार ओढावी लागते, नाहीतर ती विझते; म्हणजे विझण्याचा दोष बराचसा पानाचाच असतो. (विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, ही समजूतही निराधार आहे.)

तपासनिसाने नाकारलेल्या विड्यांना ‘छाट’ म्हणतात. मजुरी दर हजारी असल्याने छाट म्हणजे थेट मजुरीतील कपात. सदोष पान, निकृष्ट तंबाखू आणि चुकलेला हात यांचे परिणाम तयार विडीत एकत्र दिसतात. तपासणी मात्र केवळ तयार विडीची होते. त्यामुळे पुरवठ्यातील दोषही हाताच्या नावे मांडला जातो. नाकारलेला माल परत मिळत नाही, ही कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे.

विडी व सिगार कामगार (रोजगाराच्या शर्ती) अधिनियम, 1966 यातील कलम 39 मध्ये कच्च्या मालाचा पुरवठा, माल नाकारणे आणि नाकारलेल्या मालाची मजुरी या तिन्ही बाबींवरील वाद संक्षिप्त पद्धतीने सोडविण्याची तरतूद होती. हे तिन्ही वाद एकाच कलमात ठेवण्यामागे व्यवहाराची नेमकी जाण दिसते. 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता लागू होऊन या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली. परंतु घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीस असा वाद उपस्थित करणे पूर्वीही सोपे नव्हते. दिलेल्या पानांत हजार विड्या भरल्या नाहीत, तर तक्रार करण्याऐवजी ती पदरच्या पैशांनी बाजारातून पाने आणून संख्या पूर्ण करते.